शहरासाठी छोटी इलेक्ट्रिक कार निवडताना: तुलना पार्किंगपासून सुरू करा

एमजीची कॉमेट घ्यावी, टाटाची टियागो घ्यावी की थोडे पैसे वाढवून टाटाचीच पंच? हा प्रश्न बहुतेक जण शोरूममध्ये उभं राहून सोडवायला बघतात आणि तिथेच गोंधळतात. ब्रोशरमध्ये सगळ्यात मोठ्या अक्षरात रेंज (एका चार्जमध्ये गाडी किती जाते ते) छापलेली असते, म्हणून तुलनाही रेंजचीच होते. खरं तर शहरात रोज ३०-४० किलोमीटर फिरणाऱ्याला यातली कुठलीही गाडी पुरते आणि वर शिल्लकही राहते. गाडी रात्री कुठे उभी राहते, तिथपर्यंत कोणती वायर पोहोचते आणि मागच्या सीटवर कोण बसतं, यावर पुढची पाच-सात वर्षं सुखाची जाणार की कटकटीची हे ठरतं. म्हणून क्रम उलटा घ्या. आधी पार्किंग, मग बॅटरीचा आकार आणि शेवटी गाडी.

पार्किंगमधलं काम

बहुतेक छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांबरोबर १५-१६ अँपिअरच्या सॉकेटला लावायचा पोर्टेबल चार्जर येतो. तो साधारण ३.३ किलोवॅट घेतो. आकडा गीझरपेक्षा थोडाच जास्त आहे, पण गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो आणि हा चार्जर सलग सहा-आठ तास १५ अँपिअर ओढतो. नेमकी इथेच घरची वायरिंग उघडी पडते. स्वस्तातलं सॉकेट, सैल स्क्रू किंवा जुन्या इमारतीतली ॲल्युमिनियमची वायर असेल तर जोडाशी उष्णता साठते, प्लास्टिक मऊ पडतं, पिन काळी होते आणि एक दिवस सॉकेट वितळतं. गाडीचा यात काहीच दोष नसतो.

इलेक्ट्रिशियनला सांगायचं ते असं:

१. मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र लाइन टाका. मध्ये कुठेही दुसरा बोर्ड, पंप किंवा जिन्याचा दिवा नको.

२. ३.३ किलोवॅटसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरा. अडीचची चालते असं सांगणारे भेटतील, पण ४० मीटरच्या अंतरात अडीचच्या वायरवर १५ अँपिअरला सुमारे ९ व्होल्ट गळतात आणि तेवढी वीज नुसती वायर तापवण्यात जाते. अंतर त्याहून जास्त असेल तर ६ ची घ्या. ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर ३२ अँपिअर ओढतो, त्याला किमान ६ आणि लांब अंतराला १० चौरस मिलिमीटर हवी.

३. ३.३ साठी २० अँपिअरचा आणि ७.२ साठी ४० अँपिअरचा एमसीबी (जादा करंट आला की लाइन तोडणारा स्विच) बसवा. सोबत ३० मिलिअँपिअरचा, ‘टाइप ए’ लिहिलेला आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच) हवा. घरात आधीपासून असलेला साधा ‘एसी’ टाइप पुरेसा समजू नका.

४. सॉकेट निळं, इंडस्ट्रियल, झाकणाचं घ्या आणि जमिनीपासून मीटरभर वर लावा. पावसाळ्यात पार्किंगमध्ये घोटाभर पाणी येत असेल तर आणखी वर.

५. अर्थिंग मोजून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्टमीटर लावला की दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. चार्जरचा लाल दिवा लागला आणि चार्जिंग सुरूच झालं नाही, तर बहुतेक वेळा अर्थिंगच कच्ची निघते. गाडी सर्व्हिस सेंटरला नेण्याआधी हे तपासलं तर एक फेरी वाचते.

लाइन सुरू झाली की पहिल्या दिवशी तासाभरानं प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर चार्जिंग थांबवा. एक्स्टेन्शन बोर्ड कुठल्याही कारणासाठी नको, ‘आजच्या दिवस’ सुद्धा नको.

बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो तोही बघा. दोन-तीन किलोवॅटच असेल तर एसी, गीझर आणि चार्जर एकत्र चालणार नाहीत. भार वाढवायचा अर्ज करा. महावितरणकडे तो ऑनलाइन होतो, मुंबईत तुमच्या भागानुसार बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरकडे. घरच्याच मीटरवरून गाडी चार्ज करायला हरकत नाही. ईव्हीसाठी (इलेक्ट्रिक गाडीसाठी) वेगळं मीटर घेण्याचीही सोय आहे. त्याचा दर वेगळा असतो आणि त्याला घरगुती स्लॅब लागत नाहीत.

सोसायटीत परवानगीसाठी नुसता अर्ज देऊ नका. सोबत केबल कुठून जाणार याचं साधं रेखाचित्र, लोड किती, एमसीबी-आरसीसीबी कोणते आणि परवानाधारक ठेकेदाराचं नाव जोडा. कमिटीला विरोध करायचा नसतो, जबाबदारी कोणाची हे लेखी हवं असतं. कॉमन मीटरवरून सबमीटर लावून वीज घेण्याचा तोडगा सोपा दिसतो, पण युनिटचा दर कोणता आणि वाचन कोण घेणार यावरून सहा महिन्यांत वाद सुरू होतो. केबल लांब पडली तरी स्वतःच्या मीटरवरून आणलेली बरी.

पझल किंवा स्टॅक पार्किंग (यंत्रानं गाड्या एकावर एक ठेवणारं) असेल तर गाडी बघायला जाण्याआधी दोन गोष्टी मोजा. वर-खाली सरकणाऱ्या पॅलेटवर केबल लावून ठेवता येत नाही, त्यामुळे चार्जिंगसाठी जमिनीवरची ठरलेली जागा मिळेल का, हा पहिला प्रश्न. दुसरा उंचीचा. बऱ्याच यंत्रांमध्ये खालच्या पॅलेटवर दीड मीटरच्या थोडी वर एवढीच उंची सुटलेली असते. टियागो १५३६ मिलिमीटर उंच आहे, ती कशीबशी मावते. कॉमेट लांबीला खेळण्यासारखी वाटते, पण उंचीला १६४० आहे, पंचही १६३३ च्या आसपास. म्हणजे सगळ्यात छोटी गाडी सगळ्यात बुटक्या खणात जात नाही.

आणि पार्किंग रस्त्यावरच असेल तर? ऑफिसात रोज प्लग मिळत असेल तरच पुढे वाचा. फक्त सार्वजनिक चार्जरवर छोटी इलेक्ट्रिक गाडी चालवता येते, पण तिचा अर्धा फायदा तिथेच संपतो. हिशेब पुढे दिला आहे.

बॅटरी किती मोठी हवी

किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं एक युनिट. बॅटरीकडे युनिटमध्येच बघा, डोकं शांत राहतं. शहरात एसी लावून छोटी इलेक्ट्रिक कार एका युनिटमध्ये ७ ते ९ किलोमीटर जाते. ८ धरा. रोज ४० किलोमीटर म्हणजे ५ युनिटं. चार्जिंगमध्ये १०-१५ टक्के गळती होते, त्यामुळे मीटरवर पावणेसहाच्या आसपास पडतात. ३.३ किलोवॅटच्या चार्जरवर हे काम पावणेदोन-दोन तासांचं. रात्री दहाला प्लग लावला तर बाराच्या सुमारास गाडी पुन्हा जिथल्या तिथे.

छापील रेंज मात्र जशीच्या तशी घेऊ नका. ती प्रयोगशाळेतल्या चाचणीची असते. शहरासाठी तिचा दोनतृतीयांश भाग धरा. २४ युनिटच्या टियागोची ३१५ किलोमीटर ही जुनी प्रमाणित रेंज, हातात येतात साधारण २००-२१०. १९.२ युनिटच्या टियागोचे २५० म्हणजे १६०-१६५. १७.३ युनिटच्या कॉमेटचे २३० म्हणजे दीडशेच्या आसपास, संथ चालवणाऱ्याला त्याहून थोडे जास्त. चाचणीची पद्धत नंतर कडक झाली आणि टियागोचेच आकडे २९३ आणि २२३ असे छापले जाऊ लागले. गाडी तीच, बॅटरी तीच. तेव्हा दोन ब्रोशर शेजारी ठेवताना दोन्ही रेंज एकाच पद्धतीनं मोजलेल्या आहेत का, हे आधी बघा.

बॅटरी वापरायची ती २० ते ९० टक्क्यांच्या मधली, म्हणजे मिळणाऱ्या रेंजचे सात दशांश. मोठी टियागो दीडशेच्या जरा आत, छोटी ११५, कॉमेट १०५. रोजचं फिरणं याच्या निम्म्यापेक्षा कमी असेल तर मोठ्या बॅटरीला जादा पैसे देण्याचं कारण उरत नाही. अपवाद दोन: घरी चार्जिंग एक दिवसाआड मिळणार असेल, किंवा याच गाडीनं महिन्यातून दोनदा पुण्याहून नगर-साताऱ्याला जायचं असेल.

टियागो आणि कॉमेटमध्ये एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) रसायनाची बॅटरी आहे. ती टिकाऊ असते, पण तिचा व्होल्टेज चार्ज ८० टक्के असो की ४०, जवळजवळ सारखाच राहतो. त्यामुळे आत किती वीज आहे याचा गाडीच्या संगणकाचा अंदाज हळूहळू चुकत जातो. आठवड्यातून एकदा एसी (घरच्या विजेच्या, संथ) चार्जरवर पूर्ण १०० टक्के भरा, अंदाज पुन्हा जागेवर येतो. हे टाळणाऱ्यांची गाडी १८ टक्के दाखवता दाखवता एकदम ९ वर येते आणि मग ‘बॅटरी खराब निघाली’ अशी तक्रार सुरू होते.

गाड्या

कॉमेट २०२३ मध्ये आली. लांबी २९७४ मिलिमीटर, रुंदी १५०५, चार सीट, दोन दारं. वळणाची त्रिज्या ४.२ मीटर, टियागोची ५.१. सदाशिव पेठेतली किंवा गिरगावातली गल्ली ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहे त्यांना या फरकाचं मोल सांगावं लागत नाही. दोन स्कूटरमध्ये उरलेल्या जागेत ती एका झटक्यात बसते. पण मागच्या सीटवर जायला पुढची सीट दुमडून आत शिरावं लागतं. गुडघे दुखणारी आई किंवा आजी रोज बरोबर असेल तर चर्चा इथेच थांबवा. मागे माणसं बसली की सामानाला जागा उरत नाही, दोन भाजीच्या पिशव्या पायाशी ठेवायच्या. टायर १२ इंची रिमचे, त्यामुळे खड्डा थेट कण्यापर्यंत कळवतात. ताकद ४२ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप), शहरात भरपूर. हायवेवर मात्र आखूड व्हीलबेसमुळे (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या कमी अंतरामुळे) शेजारून ट्रक गेला की गाडी हलते.

कॉमेटचा सगळ्यात मोठा प्रश्न चार्जिंगचा. तिला डीसी फास्ट चार्जिंग, म्हणजे थेट बॅटरीत वीज भरणारं जलद चार्जिंग, नाही. पेट्रोल पंपावरच्या किंवा मॉलमधल्या जाड केबलच्या सीसीएस-२ चार्जरचा तिला काही उपयोग नाही, कारण तिचं तोंड फक्त एसीच्या टाइप-२ चं आहे. ३.३ किलोवॅटवर पूर्ण चार्जला सुमारे ७ तास लागतात. २०२४ पासून वरच्या व्हेरिएंटमध्ये ७.४ किलोवॅट मिळतो, त्यावर साडेतीन तास. ‘फास्ट चार्जिंग’ असं जे शोरूममध्ये सांगतात ते हेच ७.४ किलोवॅटचं एसी. घरी दुसरी गाडी असेल तर कॉमेट उत्तम. एकुलती गाडी म्हणून घेताना दहादा विचार करा.

टियागो ईव्ही २०२२ ची. चार दारं, २४० लिटरची डिकी, १६६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स. मागे तिघं बसतात, पण तिसऱ्याचे खांदे बाहेर राहतात. मधल्या आकाराच्या कुटुंबाला एकुलती गाडी म्हणून हीच जास्त जमते. २४ युनिटची बॅटरी १५ अँपिअरच्या सॉकेटवर १० ते १०० टक्के व्हायला ८.७ तास घेते, ७.२ किलोवॅटवर ३.६ तास, आणि डीसीवर १० ते ८० टक्के तासाभराच्या आत. बॅटरीला द्रवाचं कूलिंग आहे, त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यात लागोपाठ डीसी चार्जिंग केलं तरी ती सांभाळून घेते. रीजनच्या (पाय उचलला की वेग कमी करत वीज बॅटरीत परत भरणाऱ्या सोयीच्या) चार पातळ्या आहेत. ट्रॅफिकमध्ये ‘३’ वर ठेवली तर ब्रेकवर पाय क्वचितच जातो. १९.२ युनिटचं मॉडेल ६१ पीएसचं आणि २४ चं ७५ पीएसचं. शहरात हा फरक सिग्नलवर जाणवतो. फ्लायओव्हर चढताना पाच माणसं आत असतील तर जास्तच.

पंच ईव्ही जानेवारी २०२४ मध्ये २५ आणि ३५ युनिटच्या बॅटऱ्यांसह आली. डिकी ३६६ लिटर, ग्राउंड क्लिअरन्स १९०, भारत एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार. दार जवळजवळ काटकोनात उघडतं आणि सीट उंचीवर असल्यामुळे वयस्कर माणूस त्यात चढत किंवा उतरत नाही, सरळ बसतो. रुंदी १७४२ आहे, जुन्या इमारतीच्या दोन खांबांमधली जागा मोजल्याशिवाय बुकिंग करू नका.

सिट्रोएन ई-सी३ ची बॅटरी २९.२ युनिटची आणि जागा ऐसपैस, पण बॅटरीला फक्त हवेचं कूलिंग आणि ग्लोबल एनकॅपमध्ये प्रौढांच्या सुरक्षेला शून्य स्टार. सेकंडहँड बाजारात ती स्वस्त का मिळते हे यावरून कळेल.

टेस्ट ड्राइव्हमध्ये काय मोजायचं

शोरूमभोवतीची चार किलोमीटरची चक्कर काही सांगत नाही. २४ युनिटच्या बॅटरीत एक टक्का म्हणजे पाव युनिट, साधारण दोन किलोमीटर. दहा किलोमीटर चालवलं तर पाच-सहा टक्के उतरतात आणि एका टक्क्याच्या चुकीनं उत्तर वीस टक्क्यांनी हलतं. किमान २५-३० किलोमीटरची टेस्ट ड्राइव्ह मागा. देत नसतील तर तीच गाडी एका दिवसासाठी भाड्यानं घ्या.

ट्रिप मीटर शून्य करा, टक्के लिहून घ्या, एसी २४ वर ठेवा आणि तुमचाच रस्ता तुमच्याच वेळेला चालवा. संध्याकाळी साडेसहाला सिंहगड रोडवर किंवा अंधेरी-घाटकोपर लिंक रोडवर. उतरलेल्या टक्क्यांना बॅटरीच्या युनिटनं गुणून शंभरनं भागा, ही वापरलेली युनिटं. किलोमीटरला या आकड्यानं भागलं की युनिटमागे किती चालली ते मिळतं. डॅशबोर्डवर ‘इतके किलोमीटर शिल्लक’ असा आकडा दिसतो त्याकडे दुर्लक्ष करा. तो आधीच्या ड्रायव्हरच्या सवयीवरून काढलेला असतो.

ट्रॅफिक जितका संथ तितका एसीचा वाटा मोठा, हे पेट्रोलवाल्यांना नवीन असतं. एसी तासाला साधारण एक युनिट खातो. ताशी १५ च्या वेगानं दहा किलोमीटर जायला ४० मिनिटं, म्हणजे नुसत्या एसीवर पाऊण युनिटाच्या जवळपास. पाच-सहा किलोमीटरची रेंज गारव्यात गेली. म्हणून उन्हाळ्यातलं मोजमाप खरं धरा, डिसेंबरमधलं नाही.

पूर्ण चार्ज असलेल्या गाडीत रीजन जवळजवळ काम करत नाही, कारण आलेली वीज ठेवायला बॅटरीत जागा नसते. घर टेकडीवर असेल आणि सकाळी १०० टक्क्यांवर उतार उतरायचा असेल तर पहिल्या वळणावर ‘ब्रेक कमी लागतोय’ असं वाटतं. अशा घरी रोजचा चार्ज ९० टक्क्यांवर थांबवा. गाडीत तशी सोय नसेल तर टायमर लावा.

पैशांचा हिशेब

महिन्याला १००० किलोमीटर धरू. बॅटरीतून १२५ युनिटं, मीटरवर गळतीसह १४२. तुमच्या बिलात आधीच २०० युनिटं असतील तर नव्या १४२ मधली १०० युनिटं १०१ ते ३०० च्या स्लॅबमध्ये जातात आणि ४२ पुढच्या, महाग स्लॅबमध्ये. त्यामुळे बिलाची सरासरी काढून ती गाडीला लावू नका, वरच्या स्लॅबचा दर लावा. समजा मिश्र दर १४ रुपये पडला, तर खर्च दोन हजारांच्या जरा आत. हेच सार्वजनिक डीसी चार्जरवर युनिटमागे २२ रुपये धरून २८०० च्या आसपास, वर रांगेचा वेळ. शहरात १४ चं ॲव्हरेज देणारी पेट्रोल कार १०५ रुपयांच्या भावानं साडेसात हजार घेते. घरी चार्जिंग असेल तर महिन्याला साडेपाच हजार वाचतात. दोन गाड्यांच्या ऑनरोड किमतीतल्या फरकाला या आकड्यानं भागा, वसुलीचे महिने निघतील. रोजचं फिरणं १५ किलोमीटर असेल तर बचतही निम्म्याखाली येते. तेव्हा पेट्रोलची छोटी गाडी मुकाट्यानं घ्यावी, विशेषतः सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यापासून. ईव्हीवर तो पूर्वीपासून ५ टक्केच आहे, त्यामुळे किमतीतली दरी पूर्वीपेक्षा रुंद झाली आहे.

महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना मोटार वाहन कर माफ आहे, आणि अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व समृद्धी महामार्गावर कारला टोलमाफी आहे. कोटेशनमध्ये रोड टॅक्सच्या रकान्यात मोठी रक्कम दिसली तर कारण विचारा.

बॅटरी भाड्याच्या योजनेत कॉमेटची सुरुवातीची किंमत बरीच खाली येते. २०२४ मध्ये योजना आली तेव्हा भाडं किलोमीटरला अडीच रुपये होतं. १००० किलोमीटरला अडीच हजार भाडं अधिक दोन हजारांची वीज, म्हणजे बचत साडेपाचवरून तीन हजारांवर आली. करारात दोन ओळी शोधा: महिन्याला किमान किती किलोमीटरचं भाडं लागणारच, आणि गाडी विकताना करार कोणाच्या नावावर जाणार. वॉरंटीही लेखी बघा. टियागोच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, कॉमेटला ८ वर्षं किंवा १,२०,०००. विमा घेताना मोटर-बॅटरीत पाणी शिरणं आणि चार्जरचं नुकसान यांचं संरक्षण आहे का, हे वेगळं विचारा. साध्या पॉलिसीत ते गृहीत धरू नका.

घेतल्यानंतर बिघडणाऱ्या गोष्टी

मोठी बॅटरी क्वचितच दगा देते. दगा देते ती बॉनेटखालची १२ व्होल्टची छोटी बॅटरी. ती बसली की गाडी उघडत नाही, सुरू होत नाही आणि चार्जही होत नाही, मुख्य बॅटरीत ८० टक्के असले तरी. दिवाळीत पंधरा दिवस गावी जाणार असाल तर डॅशकॅम काढून ठेवा आणि शक्य असेल तर शेजाऱ्याला मधून एकदा गाडी अर्धा तास सुरू ठेवायला सांगा. छोटा जंप स्टार्टर घरात असू द्या, गाडीत नको, कारण गाडीच उघडली नाही तर तो आतच राहतो.

पाण्यातून जाताना अर्धं चाक ही मर्यादा माना. टियागोच्या १४ इंची चाकाला ती सुमारे २९ सेंटिमीटर आहे, कॉमेटच्या चाकाला २५. हिंदमाता किंवा मिलन सबवेला पाणी भरलं की हे चार सेंटिमीटर मोठे वाटतात. बॅटरी सीलबंद असते, पण खालचा पत्रा दगडावर आपटला आणि त्यात पाणी गेलं तर वॉरंटीवाले आधी फोटो मागतात. जोरात आपटलं असेल तर लगेच लिफ्टवर घेऊन खालून फोटो काढून ठेवा.

ताब्यात घेताना व्हीआयएनवरून (गाडीच्या चासी नंबरावरून) उत्पादनाचा महिना काढा. सहा महिन्यांपेक्षा जुनी गाडी असेल तर यार्डात बॅटरी किती टक्क्यांवर ठेवली होती ते विचारा आणि १२ व्होल्टची बॅटरी नवीन मागा. डिकी उघडून स्टेपनी आहे की पंक्चर किट ते डोळ्यांनी बघा. पोर्टेबल चार्जर तिथल्या तिथे प्लगला लावून चार्जिंग सुरू होतंय ना, हे पाहिल्याशिवाय सही करू नका.